नव्या जिम्नीचे टायर आणि रिम: गोव्यातल्या वापराला काय बदलावं?

कुळागर

मारुतीची पाच दारांची जिम्नी, अल्फा (वरचं व्हेरिअंट), मॅन्युअल, नवी कोरी. कंपनीचे टायर १९५/८० आर१५ (रुंदी १९५ मिमी, भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १५ इंच), रस्त्याचे एच/टी. आठवडाभर फोंडा ते पणजी, सुट्टीला वाळपईच्या पुढे कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत. तिथला शेवटचा टप्पा कच्चा. उन्हाळ्यात जांभ्याचे धारदार दगड आणि धूळ, पावसाळ्यात लाल चिखल, मध्ये एक ओहोळ.

विचारायचं ते असं. २१५/७५ घ्यावेत की २३५/७५? एटी (रस्ता आणि कच्चं दोन्हींसाठी) की एमटी (खास चिखलासाठी)? आणि रिम बदलणं खरंच गरजेचं आहे का? दुकानात जो तो ७ इंच रुंदीच्या, बाहेर आलेल्या रिमच दाखवतो. गाडी उचलायची म्हणजे लिफ्ट किट घालायची इच्छा नाही.

जांभा

लिफ्ट नको म्हणालात, तिथेच अर्धं उत्तर झालं. आकडे बघा.

१९५/८० आर१५ चा व्यास ६९३ मिमी. २१५/७५ आर१५ चा ७०३.५. २३५/७५ आर१५ चा ७३३.५. म्हणजे २१५ घातलात तर व्यास दीड टक्का वाढतो, २३५ घातलात तर जवळजवळ सहा टक्के. गाडीचा जमिनीपासूनचा क्लिअरन्स व्यासाच्या वाढीच्या निम्म्यानेच वाढतो, हे बरेच जण विसरतात. २१५ ने ५ मिमी, २३५ ने २० मिमी.

२१५/७५ कंपनीच्या रिमवर, लिफ्टशिवाय बसतो. २३५ बसवलात तर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आणि सस्पेन्शन दबल्यावर पुढच्या बंपरच्या कडेला आणि आतल्या प्लास्टिकला घासतो. मग बंपर काप, आतलं प्लास्टिक (लायनर) गरम करून मागे ढकल, दोन इंच लिफ्ट घाल, अशी साखळी सुरू होते.

चोर्ला_घाट

२३५ बद्दल एक भर. जिम्नीचं इंजिन १०५ पीएस आणि १३४ न्यूटन मीटरचं. टायर सहा टक्के मोठा म्हणजे सगळे गिअर सहा टक्के उंच झाले. चोर्ल्याच्या चढावर तिसऱ्यात आरामात जाणारी गाडी दुसरा मागते. उतारावर त्याहून वाईट, इंजिन ब्रेकिंग तेवढंच कमी होतं आणि भार ब्रेकवर येतो. ऑटोमॅटिकला चारच गिअर, तिला हे जास्त जाणवतं.

स्पीडोमीटरही चुकतो. काटा ८० दाखवेल तेव्हा २३५ वर खरा वेग ८४-८५. २१५ वर ८१ च्या आसपास. कंपनीचे स्पीडोमीटर मुळात थोडा जास्त वेग दाखवतात, त्यामुळे २१५ वर काटा उलट खऱ्याच्या जवळ येतो.

रेड_मड

सगळे एवढे घाबरवू नका त्यांना. लाल चिखलात एमटीला पर्याय नाही. एटीच्या खाचा पहिल्या पन्नास मीटरमध्ये भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. गोव्यात पावसाळ्यात २०१४ पासून रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड स्पर्धा होते, तिथे एटी घालून कोण उतरतं? २३५ एमटी, दोन इंच लिफ्ट, संपला विषय.

नेत्रावळी

रेड_मड, स्पर्धेतली गाडी ट्रकवर चढून येते आणि ट्रकवरूनच परत जाते. धागाकर्ते आठवडाभर फोंडा-पणजी करणार आहेत, तेही गोव्याच्या पावसात. तिथे एमटी का नको ते सांगते.

एमटीचे ठोकळे मोठे आणि त्यांच्यामधली जागाही मोठी, म्हणून डांबराला टेकणारं रबर कमी. ठोकळ्यांवर बारीक चिरा, ज्यांना साइप म्हणतात, त्या जवळजवळ नसतात. ओल्या रस्त्यावर पकड याच चिरा देतात. शिवाय रबराचं मिश्रण दगडाने फाटू नये म्हणून कडक ठेवलेलं असतं. परिणाम असा की ओल्या डांबरावर थांबायचं अंतर वाढतं. त्यात ऑगस्टमध्ये झाडांच्या सावलीतल्या रस्त्यांवर शेवाळ धरतं. तिथे एमटीवर जोरात ब्रेक लावलात तर एबीएस कुरकुरत राहतं आणि गाडी सरळ पुढे जाते.

थोड्या चिखलासाठी रोजच्या रस्त्यावरचा ब्रेक बिघडवू नये. चिखल थोडाच असेल तर एटी, हवा कमी करून, फोर-लो मध्ये (चारही चाकांना ताकद, सगळ्यांत हळू गिअर), न थांबता. चाक थोडं जास्त फिरवलं की खाचांतला चिखल उडून जातो. जिम्नीला घसरणारं चाक ब्रेक करून दुसऱ्याला ताकद देणारी यंत्रणा आहे, ती काम करायला चाक जरा फिरावंच लागतं. पाय पूर्ण काढून घेतलात तर ती मदत करत नाही.

रेड_मड

खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, नेऊन बघा ती एटी. बांध ओलांडला की कळेल.

खाजन

आता माझ्या नावाचा विषय निघालाच आहे तर. खाजनातली चिकणमाती आणि सत्तरीतला, म्हणजे वाळपईकडचा, लाल चिखल हे दोन वेगळे प्रकार. जांभ्याच्या मातीत खडी असते, वरचा थर घसरडा पण खाली कठीण. टायर अरुंद असेल तर वरचा थर कापून खाली टेकतो आणि पकडतो. खाजनातली माती खोलवर मऊ, तिथे रुंद टायर, कमी हवा आणि एमटी हेच बरोबर. रेड_मड यांचं खाजनापुरतं बरोबर आहे. पण खाजनात गाडी घालायचं कारणच काय? बांध फुटला तर खारं पाणी शेतात शिरतं, आणि ते शेत पुढची काही वर्षं गेलं.

कुळागरच्या रस्त्याला १९५ किंवा २१५ ची रुंदी योग्य. त्याहून रुंद टायर लाल चिखलात वर तरंगतो आणि बाजूला सरकतो.

रेड_मड

बांधाचं मान्य.

पीसीडी

रिमच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, म्हणून सविस्तर.

जिम्नीची रिम १५ x ५.५ जे (व्यास १५ इंच, रुंदी ५.५ इंच), पाच नट, पीसीडी (नट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास) १३९.७ मिमी, मधलं भोक १०८ मिमी, ऑफसेट ईटी ५ (रिम हबला टेकते ती बाजू रिमच्या मध्यापासून ५ मिमी बाहेर). २१५/७५ आर१५ साठी ५.५ ते ७ इंच रुंदीची रिम चालते. म्हणजे मूळ रिमवर हा टायर अधिकृत मर्यादेत बसतो. बदलायची गरज नाही.

बदलायचीच असेल तर आधी गणित करा. समजा ६ जे, ईटी शून्य. रुंदी अर्धा इंच वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना ६.३५ मिमी. ऑफसेट ५ ने घटला, म्हणजे पूर्ण चाक ५ मिमी बाहेर. बाहेरची कड ११ मिमी पुढे आली, आतली फक्त १.३५ मिमी आत गेली. हे चालण्यासारखं आहे.

आता दुकानातली ७ जे, ईटी उणे १०. बाहेरची कड ३४ मिमी बाहेर. टायर मडगार्डच्या बाहेर येतो, चिखल आणि खडी थेट दारांवर आणि मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर. त्याहून मोठं नुकसान आत होतं. चाकाचा मध्य स्टिअरिंगच्या अक्षापासून लांब गेला की प्रत्येक खड्ड्याचा हिसका थेट स्टिअरिंगला येतो, ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते आणि किंगपिन (चाक ज्यावर वळतं तो खुंट) व व्हील बेअरिंगवरचा ताण वाढतो. स्पेसर (रिम आणि हबमध्ये घालायची चकती) घातलात तरी परिणाम अगदी हाच, वर आणखी एक सांधा वाढतो. स्पेसर नकोच.

बाहेरची रिम घेताना भोक १०८ चंच आहे का ते कॅलिपरने मोजून घ्या. मोठं असेल तर रिंग टाकून जागा भरा, नाहीतर चाक हबवर नेमकं मध्यात बसत नाही आणि कितीही बॅलन्सिंग केलं तरी ७०-८० वर थरथर राहते. नट रिमच्या बसणीशी जुळणारेच हवेत. शंकूच्या बसणीत सपाट नट घातला तर तो पकडत नाही, हळूहळू सैल होतो.

चिऱ्याची_खाण

पीसीडी यांना +१. फक्त एक मुद्दा, जांभ्यावर लोखंडी रिम बरी. दगडावर आपटली तर वाकते, हातोड्याने कड सरळ करून हवा भरता येते. अलॉयला तडा गेला की संपलं.

पीसीडी

खरं आहे, पण अल्फाला अलॉय आधीच आलेली आहे. ती काढून लोखंडी घ्यायची तर वजन वाढतं आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत गंज वेगळा. रंग उडाला तिथून सुरू होतो, आणि टायर बसतो त्या कडेला गंज धरला की तिथून हवा झिरपते. पंक्चर नाही, व्हॉल्व्ह नवा, तरी चाक आठवड्याला पाच पीएसआय उतरतं, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. टायर काढून कड वायर ब्रशने साफ करावी, बीडला (टायरची रिमवर बसणारी कड) सीलर लावावा.

अलॉयलाही खाऱ्या हवेचा त्रास आहेच. हबवर चिकटते, नट काढले तरी चाक निघत नाही. हबच्या तोंडावर तांब्याच्या ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. स्टडवर आणि नटच्या बसणीवर मात्र अजिबात नको, घसरणीमुळे टॉर्क (आवळण्याचा जोर) चुकतो.

मांडवीपार

जरा विषयांतर. टायर घ्यायला मुंबई-बेळगावकडे बघतात सगळे, आणि एमआरएफचा कारखाना आपल्या उसगावला, फोंड्यापासून हाकेच्या अंतरावर :)

जांभा

हो, पण कारखाना शेजारी आहे म्हणून हवा तो साइज हव्या त्या पॅटर्नमध्ये मिळेलच असं नाही. १५ इंची एटीत निवड कमीच. योकोहामाचे जिओलँडर, अपोलोचे अपटेरा, जेकेचे रेंजर, सिएटचे झार, मॅक्सिसचे ब्राव्हो ही नावं विचारा, पण नावाआधी बाजूवरचे आकडे वाचा.

लोड इंडेक्स. मूळ टायर ९६ चा, म्हणजे एका टायरला ७१० किलो. नवा ९६ पेक्षा कमी नको. १०० म्हणजे ८०० किलो.

वेगाचं अक्षर. एस म्हणजे १८०, क्यू म्हणजे १६०. मूळ टायर एस आहे. गोव्यात १६० ने कोणी जाणार नाही, पण विम्याच्या दाव्यात कमी अक्षर अडचणीचं ठरू शकतं.

एलटी लिहिलेला टायर असेल तर तो लाइट ट्रकचा, भिंत जाड. त्याची पूर्ण वजनक्षमता जास्त दाबावरच मिळते. दारावरच्या स्टिकरवरचा दाब साध्या टायरसाठी आहे, एलटीत तीन-चार पीएसआय वाढवून ठेवावे लागतात. जास्त वाढवलात तर हलकी गाडी चेंडूसारखी उडते आणि टायर मधोमध झिजतो.

बनल्याची तारीख. चार आकडे, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. वर्षाहून जुना माल घेऊ नका, आणि पाचही टायरचे आकडे एकेक करून बघा. एक जुना मधे सरकवलेला असतो.

रॉक्स_साखळी

जिम्नीचा धागा आहे, तरी थारवाल्यांसाठी दोन ओळी, कारण तेही हेच विचारतात. तीन दारांच्या थारला खालच्या व्हेरिअंटमध्ये २४५/७५ आर१६ आणि वरच्यात २५५/६५ आर१८ येतो. १८ वरून १६ वर उतरलात तर टायरच्या भिंतीची उंची १६६ वरून १८४ मिमी होते. दगडावर तेवढीच गादी जास्त. रॉक्सच्या, म्हणजे पाच दारांच्या थारच्या, १९ इंचीत २५५/६० आणि १८ इंचीत २५५/६५, दोन्हींचा व्यास जवळजवळ सारखा, ७८८ च्या वर. म्हणजे स्पीडोमीटरला हात न लावता १९ वरून १८ वर येता येतं. टायर-प्रेशरचे सेन्सर असतील तर ते जुन्या रिममधून काढून नव्यात बसवून घ्यायला विसरू नका. सेन्सर व्हॉल्व्हलाच जोडलेला असतो, बीड तोडताना यंत्राचा पाता त्यावर आला की तुटतो. व्हॉल्व्ह कुठे आहे ते कारागिराला आधी दाखवा.

नेत्रावळी

रॉक्स_साखळी यांनी साइज बदलण्याचा विषय काढलाच आहे तर कायद्याचंही सांगते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या तपशिलाबाहेरचा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजारांच्या दंडाची तरतूद आहे. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिअंटचा साइज घातला तर वाद कमी. व्यास दीड टक्क्याने वाढलेला टायर रस्त्यावर सहसा कोणी अडवत नाही, पण घेण्याआधी विमा कंपनीला मेल टाकून लेखी उत्तर घ्या. मडगार्डबाहेर आलेलं चाक मात्र लांबूनच दिसतं.

आणि किनाऱ्यावर गाडी नेऊ नका. मोरजी, आश्वे, हणजूण, कुठेही नाही. पोलीस गुन्हा नोंदवतात ते सोडा, मोरजी-आश्वेसारख्या किनाऱ्यांवर कासवांची अंडी असतात.

चोर्ला_घाट

नेत्रावळी, शेवटच्या वाक्याला शंभर वेळा अनुमोदन. म्हादई, नेत्रावळी, भगवान महावीर अभयारण्यांतही वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय आत वळू नये.

आता थरथरीबद्दल, कारण जिम्नीला टायर बदलल्यावर नेमकी हीच तक्रार येते. पुढचा अॅक्सल सलग आहे. ७०-९० च्या दरम्यान एखादा सांधा लागला की स्टिअरिंग डावी-उजवीकडे झटके द्यायला लागतं. जड टायर हे वाढवतो, एमटी असेल तर प्रत्येक चाक सहज तीन-चार किलोने जड होतं. तपासायचा क्रम असा ठेवा. आधी हवा. मग बॅलन्सिंग. मग पुढचे टायर मागे टाकून बघा, थरथर गेली तर दोष टायरमध्ये. मग टो (चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन). मग पॅनहार्ड रॉडचे (अॅक्सलला आडवं धरणाऱ्या दांड्याचे) बुश. मग किंगपिन बेअरिंगचा ताण. झटके शोषणारा स्टिअरिंग डँपर सगळ्यांत शेवटी, कारण तो दोष लपवतो.

अलाइनमेंटवाला कॅम्बर (चाकाचा उभा कल) सेट करून देतो म्हणाला तर त्याला विचारा, कशाने? या अॅक्सलला मूळ रचनेत फक्त टो बदलतो. लिफ्ट घातली की कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कल) कमी होतो आणि स्टिअरिंग स्वतःहून सरळ येत नाही, त्याला वेगळे बुश लागतात. लिफ्ट नको म्हणण्याचं हेही एक कारण.

चिऱ्याची_खाण

बॅलन्सिंगला जोड. रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल पावशेर असला तरी गाडी थरथरते. आधी धुवा, मग दुकानात जा. चिकटवायची वजनं प्रेशरच्या पाण्याने उडतात, म्हणून रिम स्पिरिटने पुसूनच लावायला सांगा. टायरवर पिवळा ठिपका असतो, तो सर्वांत हलका भाग. तो व्हॉल्व्हसमोर ठेवून बसवला की वजनं कमी लागतात.

कुळागर

खूप उपयोगी माहिती. म्हणजे २१५/७५ एटी, मूळ अलॉय. आता दोन प्रश्न. दगडावर आणि चिखलात हवा किती ठेवायची? आणि स्टेपनी बदलायची की जुना १९५ तसाच ठेवायचा?

खाजन

जिम्नीसारख्या बाराशे किलोच्या गाडीला, मोकळी असताना, कच्च्या जांभ्याच्या रस्त्यावर २२ पीएसआय, चिखलात १६ ते १८. टायर रिमवर पकडून ठेवणारा बीडलॉक नसताना १४ च्या खाली जाऊ नका. वळताना टायर रिमवरून उतरतो. दगड धारदार असतील तर हवा फार कमीही नको, भिंत फुगून बाहेर येते आणि दगड तिलाच चिरतो. भिंतीचा चिरा दुरुस्त होत नाही, टायर टाकावाच लागतो. ट्रेडमध्ये, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या भागात, खिळा गेला तर दोरीचा प्लग घरी पोचण्यापुरता, नंतर टायर उतरवून आतून मशरूम पॅच.

डांबरावर आलात की लगेच हवा भरा. कमी हवेवर वेगाने चालवलं की भिंत तापून आतून तुटते, बाहेरून काही दिसत नाही. कंप्रेसर बॅटरीला चिमटे लावून चालणारा घ्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटला साधारण १२० वॉटची मर्यादा असते, मोठा कंप्रेसर लावला की फ्यूज जातो. आणि हवा मोजायचं स्वतःचं मीटर ठेवा, प्रत्येक पंपाचं मीटर वेगळं बोलतं.

पीसीडी

स्टेपनी. पाचवाही तोच घ्या. जिम्नीची फोर-व्हील ड्राइव्ह पार्ट-टाइम आहे, मध्ये डिफरन्शियल नाही, म्हणजे ती लावल्यावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू शकत नाहीत. फोर-एच (फोर-हाय) किंवा फोर-एल (फोर-लो) मध्ये एक चाक वेगळ्या व्यासाचं असलं तर पकडीच्या जमिनीवर ट्रान्सफर केसमध्ये ताण साठतो. तुम्हाला फोर-लो लागणार तो नेमका कुळागराच्या रस्त्यावर, आणि टायर फाटणार तोही तिथेच.

पाच सारखे असले की पाचही फिरवता येतात. दर ८-१० हजार किलोमीटरला मागचे दोन सरळ पुढे, पुढचा उजवा मागे डावीकडे, पुढचा डावा स्टेपनीवर, स्टेपनी मागे उजवीकडे. सगळे एकसारखे झिजतात. कायद्याने खाच १.६ मिमीपर्यंत चालते, पण आपल्याकडच्या पावसाला ३ मिमीवर टायर बदलायचा विचार सुरू करा.

मागच्या दारावर वजन थोडं वाढेल. बिजागरीचे बोल्ट आणि दाराचे रबरी ठोकळे दोन-तीन महिन्यांनी तपासा. स्टेपनीचं कव्हर जुन्या व्यासाचं असतं, ते २१५ वर बसतं का ते घेण्याआधी बघा.

रेड_मड

२३५ चा हट्ट सोडतो. पण ओहोळाचं कोणी बोललं नाही. टायर कोणताही घ्या, पाण्यातून गेल्यावर मागचे ड्रम भिजतात. बाहेर आल्यावर हलका ब्रेक दाबून थोडं अंतर चालवा. लाल माती ड्रममध्ये साचून लायनिंग खाते, पावसाळ्यानंतर ड्रम उघडून साफ करा. अॅक्सल तापलेला असताना पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. ब्रीदरची (अॅक्सलमधली हवा आत-बाहेर जाण्याची) नळी मोकळी आहे का बघा, आणि ओहोळ रोजचा असेल तर डिफरन्शियलचं तेल वर्षातून एकदा तपासा. दुधी दिसलं तर पाणी शिरलं.

जांभा

रेड_मड, हे फार कामाचं.

कुळागर, बसवताना शेवटचं. पाचही व्हॉल्व्ह नवे घाला. नट पाना-गनने पूर्ण आवळू देऊ नका, गनने फक्त टेकवायचे. मग टॉर्क पान्याने, तारेच्या आकारात, १०० न्यूटन मीटर. ८०-१०० किलोमीटर झाल्यावर त्याच पान्याने परत तपासा, नवीन बसवलेलं चाक कधीकधी थोडं सैल सापडतं. नव्या टायरवर साच्याचं तेल असतं, पहिले दोन-तीनशे किलोमीटर ओल्यात जपून.

कुळागर

नोंद केली. जुन्या पाच टायरचं काय करावं? दुकानदार बायबॅक म्हणतोय.

मांडवीपार

न चालवलेले असतील तर बायबॅकपेक्षा जिम्नीच्या खालच्या व्हेरिअंटवाल्याला विका, साइज तोच. विकताना तारखेचा फोटो आणि खाचेची खोली सांगा. एखादा विकला गेला नाही तर उभा ठेवा, उन्हात नको, आणि महिन्याने फिरवून ठेवा.